दशमांश

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा प्रा नदीत
कमरेइतक्या पाण्यात उभं राहून
मला माझ्या पायाची बोटं मोजता आली होती.
दहा. आणि करंगळीजवळ एक शिंपला.
पाळकांनी मागे झुकवलं,
आकाश पाण्याखालूनही निळंच दिसलं.

पुढे मी न्सुआनोच्या मंडळीचा खजिनदार झालो.
बत्तीस वर्षं.
आमच्याकडे अर्पणाची शर्यत लागते.
सोमवारी जन्मलेले, मंगळवारी जन्मलेले,
वारावारीने रुमाल हलवत, नाचत पुढे येतात
आणि ज्या वाराची थैली जड त्याला टाळ्या.
थैलीत नाणी असायची, कोकोच्या हंगामात नोटा.
मग एका सकाळी
क्वेकू बोआडूने कागदाची पुडी टाकली.
उलगडली तर वाटाण्याएवढं सोनं,
अजून काजळी न पुसलेलं.
त्या दिवशी बुधवारवाले जिंकले.

कुठून आणलं, कुणी विचारलं नाही.
विचारायचं काय!
काठ खणायचा, गाळ धुवायचा,
उघड्या तळहातावर पाऱ्यात सोनं गोळा करायचं,
उरलेलं नदीच्या पदरात.
पाप म्हणावं तर ते निदान चोरून व्हायला हवं.
हे भरदिवसा चाललेलं, पंपांच्या घरघरीत,
पोलीस येता-जाता हात हलवायचे.
पाळक म्हणाले, पोरांच्या हाताला काम मिळालं,
देवाची स्तुती असो.
मी आमेन म्हणालो
आणि सोनाराचा एक छोटा तराजू विकत घेतला.

त्या तराजूतून नवं छप्पर आलं,
कर्णे आले, पाळकांची गाडी आली,
माझ्या भाच्याची, अट्टाची, दोन वर्षांची फी आली.
हे इथे लिहितो, कारण वहीत लिहिलं नव्हतं.

वीज कोसळली नाही.
आम्ही वर बघत राहिलो,
आणि शिक्षा खालून आली, वाळवीसारखी.
आधी मासे गेले.
मग कोकोची झाडं मुळं उघडी टाकून खड्ड्यांकडे कलली.
सुईण एकुआ मेन्सिमा
बाळ आधी कापडात गुंडाळायला लागली,
मग आईला दाखवायला.
आणि अट्टा शाळा सोडून खड्ड्यात उतरला,
फी भरणाऱ्यापेक्षा सोनं काढणारा मोठा,
हे तो माझ्याच घरात शिकला होता.
माती बसली. तिसऱ्या दिवशी सापडला.
त्याच्या अंत्यविधीला क्वेकूने पुडी दिली.
मी सवयीने तोलली.

कुणा एकाने तंबूच्या जमिनीत सोन्याची वीट पुरली
आणि सगळी छावणी लढाई हरली,
हे मी रविवारशाळेत पोरांना सांगत आलो.
तिथे निदान एकच तंबू उकरायचा होता.

आता बाप्तिस्मा आवारातल्या सिमेंटच्या हौदात होतो.
नदीचं पाणी दुधाळ चहासारखं, अंगाला खाज सुटते.
म्हणून आदल्या रात्री बाया ओळीने बसतात,
विकतच्या पाण्याच्या प्लास्टिक पिशव्या दातांनी फाडतात,
हौद भरायला सहाशे लागतात.
सहाशे पिशव्यांचा खर्च मी वहीत मांडला
आणि पुढे कशातून तो लिहिताना
पेन थांबलं.

वडीलजनांच्या सभेत उभा राहिलो.
म्हणालो, भावांनो, मी पापी आहे.
ते प्रेमाने हसले. म्हणाले, आपण सगळेच.
म्हणालो, तसं नाही, हा तराजू.
कुणीतरी खुर्ची सरकवली,
कुणीतरी म्हणालं, भाचा गेल्यापासून झोप नाही त्याला,
आणि छपराच्या रंगाचा विषय पुढे आला.

आज पहाटे नदीवर आलो.
तराजू फेकायचा होता,
पण हिच्यात आणखी काय काय टाकायचं?
तो हातातच राहिला.
गुडघाभर पाण्यात उभा आहे, बोटं दिसत नाहीत.
प्रभू, तुझं रक्त शुद्ध करतं हे मला पाठ आहे.
पण क्षमा करायला तुला यावं लागलं
तर स्वच्छ हौदापाशी थांबू नकोस,
ह्याच पाण्यात उतर.
इथे तळ निसरडा आहे. सांभाळून ये.