परत

नार्वाच्या कॉलेजात, चार नंबरच्या लॅबमध्ये,
हीटरवर मोजे वाळत टाकून
ताइसिया झाडात एक आकडा शोधतेय.
झाड उलटं. मूळ वर, फांद्या खाली.

फंक्शन स्वतःलाच हाक मारतं:
डावीकडे बघ. परत डावीकडे. परत. आता उजवीकडे.
सातव्या पायरीवर सापडतो सत्तेचाळीस.
सगळ्यात खालचा मान वर करून सांगतो,
सत्तेचाळीस!
आणि त्याच्या वरचा,
ज्यानं त्याला धाडलं तोच,
मूग गिळून गप्प.

तिच्या लॅपटॉपवर नऊ दिवस उत्तर बरोबर येत होतं.
खालच्यानं रजिस्टरमध्ये ठेवलेला आकडा
मधे कुणी हलवला नव्हता, एवढंच.
काउंटरवर कुणाचे सुटे पैसे राहावेत
आणि पुढच्याला वाटावं, आपलेच.

आज काल्युवे सरांच्या मशीनवर,
ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर, आलं:
उणे एकोणीस कोटी आणि वर काहीबाही.

"कंपायलर काही बोलला नाही?"
"बोलला असता. मीच इशारे बंद ठेवलेले."
सर खिडकीतून गोठलेल्या नदीकडे बघतात.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिचे वडील जळणाऱ्या दगडाच्या खाणीत होते.
खाली जाताना पितळी बिल्ला घ्यायचा,
वर आलं की खिडकीत द्यायचा.
एका रात्री एकशे बाराचा खिळा रिकामा.
तिघं दिवे घेऊन खाली उतरले,
बोगद्याबोगद्यात त्याचं नाव घेत.
तो घरी बीटाचं सूप पीत होता.
बिल्ला कोटाच्या खिशात.

माणूस आला होता. परत दिलं नव्हतं.

त्यानंतर मरेपर्यंत
दारात उभं राहून तो खिसे चाचपायचा.

परत म्हणजे पुन्हा, खाली उतरत जाणारं.
परत म्हणजे माघारी, पायरी पायरीनं, हातातून हातात.
तिनं पहिलं लिहिलं,
दुसरं धरून चालली.

आता दोन ओळींच्या आधी
ती एकच शब्द टंकते, दोनदा. रिटर्न.
खालच्यानं दिलेलं वरच्यानं घ्यायचं,
त्यात आपलं काही घालायचं नाही,
गिळायचं तर नाहीच,
फक्त पुढे करायचं.

सत्तेचाळीस.
सरांच्या मशीनवरही सत्तेचाळीस.

इशारे ती चालू करते.
दुसऱ्याच एका फंक्शनमध्ये तीन निघतात.
मोजे अजून ओलेच आहेत.