अठ्ठावीसचा काटा

गॅरेजवाला म्हणाला, अकरा हजार,
आणि बॉनेटवर थाप मारली, बैल विकायला काढल्यासारखी.
मी म्हटलं, बघते.
नाना पेठेत ओ-रिंगांची पुडी मिळाली ऐंशी रुपयांत,
हिरव्या, काळ्या, करंगळीत बसतील एवढ्या.
पंप आणि घड्याळं फ्रिजवाल्या इनामदारांची,
आधार कार्ड गहाण, रविवार संध्याकाळपर्यंत.

काळेपडळ. मे. पत्र्याच्या शेडखाली
वॅगन आर तोंड उघडून उभी.
परवा हिंजवडीच्या मुलीनं मागून विचारलं, "एसी?"
मी काच खाली केली.
तीन तारे दिले तिनं.
भर दुपारी.

शेवंताबाई खुर्ची घेऊन खाली आल्या.
वर त्यांचा मुलगा झोपलेला, रात्रपाळीचा.
"पंखा नुसता गरम वारा ढकलतोय," म्हणाल्या,
पण नजर पाइपांवर.

मी शाम्पूचा फेस केला, ब्रशनं लावत गेले
सांध्यासांध्याला, लग्नात हळद लावतात तसा, भरपूर.
काही दिसेना.
"एवढा फेस कशाला? त्यात बुडबुडा कसा ओळखणार?
पातळ कर. आणि थांब."

थांबले.
कंडेन्सरच्या खालच्या जोडाला
मोहरीएवढा एक आला,
फुगला,
मग त्याच्या खांद्यावर दुसरा.

भवानी पेठेत सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं, हे मला माहीत होतं.
पाटीवर त्यांचं नाव होतं, हेही.
घमेल्यात ट्यूब बुडवणारे हात कुणाचे,
ते आज कळलं, लग्नानंतर चौदा वर्षांनी.
"दिवसाला चाळीस पंक्चर. सायकलींचंच गाव होतं तेव्हा.
हवा कुठून जाते ते हवेला विचारायचं नाही,
पाण्याला विचारायचं."

दहाचा पाना. जुनी रिंग निघाली
चपटी, कडक, वाळलेल्या बोरासारखी.
नवीला तेल चोळून बसवली, बोल्ट बेतानंच आवळला.
पंप लावला. तो घुरघुरत राहिला
वरच्या मजल्यावर घोरणाऱ्यासारखाच.

व्हिडिओतला माणूस म्हणतो, काटा तिसाला टेकला पाहिजे.
आमचा अठ्ठावीसवर अडला.
पुन्हा सगळे जोड तपासले, घाम डोळ्यांत.
इनामदारांना फोन.
ते हसले, "अहो, पुणं समुद्रावर नाही. इथं अठ्ठावीसच येतो.
उंचावरचं गाव आहे, थोडं कमीच वाकतं."

वाल्व बंद. पंप बंद.
आता अर्धा तास काहीच करायचं नाही,
फक्त काटा हलत नाही ना, ते बघायचं.
आम्ही दोघी निळ्या घड्याळासमोर बसलो,
पिठलं शिजायची वाट बघावी तशा.
मी विचारलं, "गल्ला कुणाकडे असायचा?"
"त्यांच्याकडे."
"आणि तुमच्याकडे?"
"पंपाचा दांडा."
एवढं बोलून त्यांनी पदरानं घड्याळाची काच पुसली.
काटा होता तिथेच होता.

मग डबा जोडला. इंजिन चालू.
लाल बाजूला हात लावायचा नाही, हे मी तीनदा मोठ्यानं म्हटलं,
स्वतःलाच.
निळीकडून थोडं थोडं, डबा हातात गारठत गेला,
एका क्षणी पुढे कुठेतरी टक् झालं,
कॉम्प्रेसरनं क्लच पकडला,
आणि पाइपावर, चाळीस अंशांच्या त्या शेडमध्ये,
घाम फुटला. पाइपाला. आमचा वाळत होता.

थंडी कुणी आत भरत नाही, असं इनामदार सांगतात.
आत कोंडलेलं तेवढं बाहेर काढायचं.
मी हे शेवंताबाईंना सांगणार होते,
पण त्या आधीच पुढच्या सीटवर बसल्या होत्या,
दोन्ही तळवे जाळीसमोर धरून, शेकोटीला धरतात तसे.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
बोटांच्या भेगांत, मला वाटलं,
अजून काळं असेल. नव्हतं.

मग म्हणाल्या, "बंद कर आता. सीएनजी जळतोय."

रात्री पुडी मोजली. एक हिरवी कमी.
त्यांच्या बटव्यात, सुपारी आणि सुट्ट्या पैशांच्या मधे.
विचारलं नाही मी.
लागते कधीतरी.