एकच पोस्टर

सहाव्या मजल्यावर, प्यो साहेब,
तुम्ही पुन्हा हात वर केलेत:
बजेट संपलं, ग्रुपचा दौरा तोंडावर आलाय,
तुझं काय, आपोआप ऐकतील लोक.

आपोआप.
सात वर्षं मी डावीकडून तिसरी होते,
तेव्हा माझी भुवईसुद्धा आपोआप हलली नाही;
तिचीही तालीम असायची, आरशासमोर, रात्री दोनला.

तळघरात खोकी आहेत. मोजून आले:
एकशे चौदा. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नाही.
वरच्या खोक्यावर रखवालदार ग्वाकचं
नूडल्सचं भांडं, त्याचा गोल डाग
माझ्या नावाच्या बरोबर मधोमध.

वकीलबाई म्हणतात, करारात ‘प्रसिद्धी’ हा शब्द आहे,
किती, ते लिहिलेलं नाही.

काल मोक्पोहून आईने फोटो पाठवला.
खानावळीत, फ्रीजच्या दारावर, मी;
कडा ओल्या, गालाशी माशाचं खवलं.
खाली तिच्या अक्षरात, मार्करने:
ही गाते. विचारा, लावून दाखवते.

पाच जणांनी विचारलं म्हणे.
एकाने सूप थंड होऊ दिलं.

हा आकडा लिहून घ्या, साहेब.
सही मी करते.