उंटकटारी

इशबेलच्या कुंपणाशी जांभळी बोंडं.
"थिसल," हातमोजा काढत ती म्हणाली,
बोटातला काटा दातांनी ओढला.

आमच्याकडे उंटकटारी.
कटारी कळली तिला. उंट का?
खातो म्हणून, म्हटलं.
तिनं टेकडीकडे पाहिलं:
मेंढ्या, धुकं, खाली पीबल्सची ओली छपरं.
माझ्या गावातही उंट नव्हताच कधी.

रात्री जाडा कोश उघडला.
थिसलच्या मुळाशी टोचणं आहे म्हणे,
आपलं तीक्ष्णही, कदाचित, तिथलंच.
त्या कदाचितवर बराच वेळ बोट ठेवलं.

सप्टेंबरात बोंडं फुटली.
कुंपणावरून पांढरं काही तरंगत आलं,
तिच्या पांढऱ्या केसांत अडकलं.
"ह्याला काय म्हणता?"

इशबेल ब्याऐंशीची.
म्हातारी, मी म्हटलं.
अर्थ उद्या सांगते.