चाळीस ग्रॅम

सांजेला वजन : दोन किलो तीनशे.
कालच्यापेक्षा चाळीस कमी.
वहीचे रकाने कानडी, आकडे माझे मराठी.
साहेब चालवून घेतात.

मग विजेरीला लाल कागद लावून मी
आणि पुढं हा, मागच्या दोन पायांवर,
हात छातीशी धरून,
तहसीलीत अर्ज घेऊन निघालेल्या म्हाताऱ्यागत.

जांबोटीच्या वाटेवर पोत्यात सापडलेला,
खवल्यांचा भाव आधीच ठरलेला.
भरमाण्णा त्याला चिप्पुहंदी म्हणतो, मी खवल्या.
हा कुणालाच ओ देत नाही.

वारूळ तेवढं लांबून कळतं त्याला.
नख्या रोवतो, माती माझ्या लुगड्यावर.
मी खाली बसून राहते. मुंग्या पोटऱ्यांवर चढतात,
डसतात.
जेवणाऱ्यावरून उठू नये.

भीमगडात सोडायचाय त्याला, पावसानंतर.
म्हणून बोलायचं नाही त्याच्याशी,
माणसाचा आवाज ओळखीचा व्हायला नको.
मी नि भरमाण्णा, दोघंही मुके
काजूच्या बागेतून चालतो.

काल ओढ्याशी त्याचा पाय घसरला
आणि माझ्या तोंडून निघालंच,
जपून रे बाळा.

गोळा झाला तो. तासभर उलगडला नाही.

वहीत फक्त वजन लिहिलं.