तेरा आठवडे

पूल ओलांडला, एवढंच.
कोल्डस्ट्रीमच्या चौदा पायऱ्या सोडून
कॉर्नहिलच्या तळमजल्यावर आले.
मधे ट्वीड नदी, आणि नदीच्या मधोमध
कुणालाच न दिसणारी एक रेघ:
तिकडे स्कॉटलंड, इकडे इंग्लंड.
व्हॅनवाल्या डगीनं ती शीळ घालत ओलांडली.
मागे माझ्या खुर्चीची चाकं
कपाटावर आपटत होती.

पाय तेच आले.
डावा जरा उशिरा, नेहमीसारखा.
हातांची थरथर आली,
दुपारी तीनला डोळ्यांपुढे उतरणारं धुकं आलं,
बशा आल्या, एक सोडून सगळ्या.
पैसे तेवढे यायचे राहिले.

म्हणजे लगेच थांबले नाहीत, खोटं कशाला बोलू.
जुना देश तेरा आठवड्यांची शिदोरी बांधून देतो.
ती संपायच्या आत
नव्या देशाला पटवायचं की मी आजारी आहे.
पहिल्यापासून.
अकरा वर्षांचं दुखणं,
जणू काल सकाळी दूधवाल्यानं दारात ठेवलं.

फोनवर अडतीस मिनिटं तीच ती धून.
मग एक बाई. चांगली होती बिचारी.
"पत्ता बदललाय, की तब्येतीत काही बदल?"
पत्ता, म्हटलं.
"मग इकडे सगळं नव्यानं नोंदवावं लागेल."
तिनं माझा पत्ता तीनदा लिहून घेतला.
मी खिडकीतून नदीकडे पाहत होते.
दोघे जण कमरेएवढ्या पाण्यात, सॅमनसाठी गळ टाकून.
त्यांतला कोण कुठल्या देशात भिजतोय
माशालाही ठाऊक नसावं.

फॉर्म आला. जाडजूड.
जेवण स्वतः रांधता का. मोजे घालता का.
किती मीटर चालता: वीस? पन्नास? दोनशे?
चौकोन एकच, आणि माझे दिवस दोन तऱ्हेचे.
आई म्हणायची, दुखणं चव्हाट्यावर मांडू नये.
इथे मांडायचं, वर तराजूत घालायचं,
आणि वजन थोडं कमी भरलं
तर मान आपणच खाली घालायची.
मी लिहिलं: गरम पातेलं उचलता येत नाही.
मग खोडलं. मंगळवारी उचललं होतं.
मग पुन्हा लिहिलं.
मंगळवारी सांडलंही होतं.

सातव्या आठवड्यात फॉर्म पोस्टात पडला.
नवव्यात काही नाही.
दहाव्यात काही नाही.
अकराव्यात मी हीटर एकाच खोलीत लावू लागले
आणि भाड्याचे पैसे बिस्किटांच्या डब्यात काढून
रोज मोजू लागले,
मोजून वाढत नाहीत हे माहीत असून.

बाराव्या गुरुवारी बेल वाजली.
दारात उंच, निथळता मुलगा,
बुटांना सिमेंट लागलेलं.
"मी बार्तोश. तुमच्या जुन्या घरात राहतो.
आधीची दोन पत्रं मी परत पाठवली,
इथे राहत नाहीत असं लिहून. माफ करा.
यावर लाल अक्षरं होती, म्हणून शेजारणीला विचारलं."

नव्या देशाचं पत्र
जुन्या देशातल्या चौदा पायऱ्या चढून गेलं होतं.
तपासणीची तारीख परवाची.
गेलेला परवा की येणारा
हे कळायला मला चष्मा शोधावा लागला.
येणारा.
मी भिंतीला धरून बसले.

पुलावरून यायला किती वेळ लागला रे?
"दहा मिनिटं. वारा नसता तर आठ."
मी किटलीकडे हात नेला,
त्यानं ती आधीच उचलली होती.
दोघांनी चहा घेतला, तिसरी बशी तडकलेली निघाली.
जाता जाता म्हणाला,
"एक विचारू? ती सहावी पायरी
रात्री आपोआप वाजते, काही आहे का तिथे?"

काही नाही, म्हटलं.
लाकूड सुटलंय. मी अर्ज केलाय दुरुस्तीचा,
सहा वर्षं झाली.
उत्तर आलं तर
घेऊन ये.