आज गैरहजर

शुक्रवारी फाटकाला कुलूप लावताना
डॉड म्हणाला, "दोन आठवडे, इशबेल, फार तर तीन,"
आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात असा टाकला
जशी काही नाताळची सुट्टीच लागलीय.

सोमवारी कार्यालयात मी एकटी.
खिडकीतून दिसणाऱ्या फ्रेझरबर्गच्या बंदरात
बोटी एकमेकींना खेटून उभ्या.
अंतर राखा, असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.
टेबलावर मुख्याध्यापकांच्या अक्षरात पत्र क्रमांक एक:
प्रिय पालकहो, घाबरून जाऊ नये.
ती ओळ मी खोडली.
मासेमारांच्या गावात असं म्हटलं
की माणसं आधी आभाळाकडे बघतात.

आणि नऊ चाळीसला, रोजच्यासारखा,
संगणकाने आपणहून हजेरीपट तपासला.
त्याला शाळा बंद झाल्याचं सांगायचं
माझ्याकडून राहून गेलं होतं.
सहाशे बारा रकाने कोरे.
सहाशे बारा घरांत एका क्षणी
फोन थरथरले:
आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे.
कृपया कारण कळवावे.

मी कपाळावर हात मारून घेतला.
तोवर कारणं यायला लागली होती.

"कारण तुम्हीच कुलूप लावलंत, बाई."
"आमची आयोना टेबलाखाली बसलीय, कुत्र्याला घेऊन.
बाहेर यायला तयार नाही. हे कारण चालेल का?"
"बोटीवर गेलाय, आजोबांबरोबर. हातांना काम हवं."
"झोपलाय अजून. विचारलंत, बरं वाटलं."
आणि मासळीच्या कारखान्यातून द्झिन्त्राचं,
लात्वियनमधून यंत्राने कसंबसं उतरवलेलं:
"मुलगा घरी आहे. मी घरी नाही.
कोण गैरहजर, मला समजत नाही."

दुपारी पत्र क्रमांक दोन: दिलगिरी.

मग पत्रांना ऊतच आला.
जेवणाची पाकिटं, गुरुवारी, डॉडच्या व्हॅनमधून.
परीक्षा होतील. परीक्षा होणार नाहीत.
मागच्या पत्रातली तारीख कृपया दुरुस्त करून घ्यावी.
पत्र चौदा चार भाषांत गेलं,
आणि वरच्या वर्गातल्या लीगाचा फोन आला, हसू दाबत:
"मिसेस बकन, तुमच्या पत्रात शाळा
लॅपटॉप वाटणार नाहीये, पुरणार आहे."
त्या दिवसापासून लीगाने तपासल्याशिवाय
एकही पत्र गेलं नाही.

सतरा घरांतून मात्र काहीच उत्तर नव्हतं.
ती नावं मी पेन्सिलीने एका पाकिटामागे लिहिली
आणि रोज नऊ चाळीसला फोन लावत गेले.
कळवण्यासारखं माझ्याकडे काही नसायचं.
"सहज केला," म्हणायचे.
पलीकडे कधी टीव्ही, कधी तान्हं बाळ,
कधी नुसता श्वास, आणि मग एक पोरगं,
तोंडात पावाचा घास:
"हजर."

पत्र क्रमांक तेवीस तीन ओळींचं आहे.
त्याला मला दोन दिवस लागले.
आपल्या शाळेचे शिपाई, एवढं लिहिलं आणि थांबले,
कारण त्याचं खरं नाव जॉर्ज
हे मलाही फाइल उघडून बघावं लागलं.
"डॉड" लिहिलं. मुख्याध्यापकांनी खोडलं नाही.
अंत्यविधीला किती जणांनाच येता येईल
तो आकडा मी अंकी लिहिला, मग अक्षरी,
मग दोन्ही.
किल्ल्यांचा जुडगा परत आला
प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषधाने पुसलेला.
त्याला आता वंगणाचा वास नव्हता.

त्या पत्राला कुणाचं उत्तर आलं नाही.
मागितलंही नव्हतं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली.
फाटक मी ढकललं तर असं करकरलं
की वरच्या सीगल पक्षी उडाले.
आत येणारी पोरं, मास्कच्या वर नुसते डोळे,
बिजागरीकडे बघून गप्प झाली.
सगळ्यांना ठाऊक होतं, तेल कोण घालायचं.

दुसऱ्या दिवशी फाटक बिनआवाज उघडलं.
बिजागरीवर ताजं तेल, जरा जास्तच,
खाली फरशीवर एक थेंब.

कुणी घातलं,
ते शाळेला कुणी कळवलेलं नाही.